मुंबई उपनगरांतील मोटारगाड्यांचे सामान्य बिघाड

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आदी मुंबईच्या उपनगरांत रोजच्या वापरातील खासगी मोटारगाड्यांमध्ये काही यांत्रिक व विद्युत दोष वारंवार आढळतात. पावसाळ्यात रस्त्यांवर साचणारे पाणी, कूर्मगतीने सरकणारी वाहतूक, समुद्रालगतची खारट व दमट हवा, खड्डे आणि गाडी दिवसेंदिवस एकाच जागी उभी राहणे ही या दोषांमागील प्रमुख कारणे आहेत. यांतील बहुतेक बिघाड खर्चिक असले तरी जीवघेणे नसतात. साचलेल्या पाण्यात अडकलेली गाडी मात्र याला अपवाद आहे. २००५ च्या महापुरात आणि त्यानंतरही उपनगरांत गाडीत अडकून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत.

## पार्श्वभूमी

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई शहर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. येथील वाहनांची नोंदणी अंधेरी (एमएच-०२), वडाळा (एमएच-०३) आणि बोरिवली (एमएच-४७) येथील परिवहन कार्यालयांत होते. घाटकोपर व मुलुंड हे भाग वडाळा कार्यालयाच्या कक्षेत येतात.

उपनगरांची रचना रेल्वेमार्गांच्या दोन्ही बाजूंना उत्तर-दक्षिण अशी लांबट आहे. पश्चिम द्रुतगती महामार्ग वांद्र्याहून दहिसरकडे, तर पूर्व द्रुतगती महामार्ग शीवहून ठाण्याकडे जातो. लाल बहादूर शास्त्री मार्ग कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप व मुलुंड या भागांना जोडतो. पूर्व-पश्चिम जोडरस्ते मोजकेच असल्याने जोगेश्वरी–विक्रोळी, अंधेरी–घाटकोपर आणि गोरेगाव–मुलुंड या मार्गांवर कोंडी नित्याची असते. अनेक रहिवासी कामावर लोकलने किंवा मेट्रोने जातात आणि मोटारगाडी शनिवार-रविवारीच बाहेर काढतात. त्यामुळे एकाच सोसायटीच्या आवारात दोन टोकांचे बिघाड दिसतात. काही गाड्या कोंडीत झिजतात, तर काही उभ्या उभ्या खराब होतात.

## साचलेले पाणी

सांताक्रूझ वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ओहोटीच्या वेळी ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा क्षमतेची होती. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्यासाठी बृहन्मुंबई महानगरपालिकेने 'ब्रिमस्टोवॅड' प्रकल्प हाती घेतला. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्यास पाण्याचा निचरा मंदावतो आणि सखल भागांत, विशेषतः रेल्वेखालील भुयारी मार्गांत, पाणी झपाट्याने वाढते. अंधेरी, मिलन (सांताक्रूझ), खार, मालाड व दहिसर येथील भुयारी मार्ग यासाठी ओळखले जातात.

अंधेरी भुयारी मार्ग बंद झाला की पूर्व-पश्चिम वाहतुकीचा भार जवळच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलावर येतो. या पुलाच्या पदपथाचा भाग ३ जुलै २०१८ रोजी रेल्वेमार्गावर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीसाठी बंद झाला आणि पुनर्बांधणीनंतर त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली. मधल्या काळात अनेक वाहनचालकांना भुयारी मार्गावर अधिक अवलंबून राहावे लागले.

### २६ जुलै २००५

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यात सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे शहराच्या दक्षिण टोकाला तुलनेने फारच कमी पाऊस असताना उपनगरे बुडत होती. मिठी नदीने काठ सोडले, कुर्ला, कलिना व सांताक्रूझ परिसरात रस्ते पाण्याखाली गेले आणि हजारो गाड्या रस्त्यांवरच सोडून द्याव्या लागल्या. पाणी ओसरेल या आशेने काचा बंद करून गाडीतच थांबलेल्या काहींचा मृत्यू झाला. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या भुयारी मार्गात पाण्यात अडकलेल्या गाडीतील दोन जणांचा बुडून मृत्यू झाला.

### गाडीत अडकण्यामागील कारणे

दार न उघडण्याचे कारण बहुतेक वेळा बिघाड नसून पाण्याचा दाब हे असते. दाराच्या खालच्या कडेपासून अर्धा मीटर उंचीपर्यंत बाहेर पाणी असेल आणि ते आत शिरले नसेल, तर सुमारे एक मीटर रुंदीच्या दारावर एकूण सुमारे १२५ किलोग्रॅम वजनाइतका दाब पडतो. बसलेल्या माणसाला हे दार आतून ढकलणे अवघड जाते. त्यातच पाण्याने विद्युत जोडण्यांत दोष निर्माण झाल्यास वीजेवर चालणाऱ्या काचा व मध्यवर्ती कुलूप काम करेनासे होते.

गाडी तरंगण्यासही फार पाणी लागत नाही. सुमारे ५ चौरस मीटर तळ असलेल्या लहान गाडीला, तळाच्या वर चढणाऱ्या प्रत्येक १० सेंटिमीटर पाण्यामागे जवळजवळ ५०० किलोग्रॅम इतके उद्धरण मिळते. त्यामुळे ९०० ते १,००० किलोग्रॅम वजनाची गाडी तळाच्या वर २० सेंटिमीटर पाणी चढताच रस्त्यावरची पकड गमावू लागते. अशा वेळी ब्रेक व स्टिअरिंग यांचा उपयोग होत नाही.

अडकलेल्या गाडीत काचा बंद करून इंजिन व वातानुकूलन चालू ठेवणेही धोक्याचे असते. धुराड्याच्या नळीला पाण्याचा अडथळा झाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू आत साचू शकतो.

### सुटकेचे उपाय

* पाणी वाढत असल्याचे दिसताच, गाडी चालू असतानाच काचा खाली कराव्यात आणि दारांची कुलुपे उघडावीत.
* गाडी बंद पडल्यास सामानाचा विचार न करता तातडीने बाहेर पडावे व उंच जागी जावे. दार उघडत नसल्यास खिडकीतून बाहेर पडावे.
* काच फोडावी लागल्यास बाजूची काच निवडावी. बहुतेक गाड्यांत ती कडक केलेली असते आणि कोपऱ्यावर टोकदार वस्तूचा आघात होताच तिचे बारीक तुकडे होतात. समोरच्या काचेत मध्ये प्लास्टिकचा थर असल्याने ती तडकली तरी सुटी होत नाही.
* काच फोडण्याची छोटी हातोडी हाताशी ठेवावी. डिकीत ठेवलेली हातोडी उपयोगी पडत नाही. ती नसल्यास, सीटवरील डोक्याच्या उशीची काढता येणारी लोखंडी दांडी वापरता येते.
* लहान मुलांना आधी बाहेर काढावे. बाहेर चालताना उघड्या गटारांचा धोका लक्षात घेऊन काठीने जमीन चाचपावी.

महानगरपालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा क्रमांक १९१६, तर राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

## इंजिनात पाणी शिरणे

इंजिन हवा ओढून घेते ती नळी बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीच्या मागे, हेडलाइटच्या आसपास असते. पाणी तेवढे उंच नसले तरी शेजारून जाणाऱ्या बस किंवा ट्रकमुळे उठलेली लाट तेथपर्यंत पोहोचते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी आल्यास वर येणारा पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. डिझेल इंजिनात दाबाचे प्रमाण अधिक असल्याने हानी बहुधा जास्त होते.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न ही या बिघाडातील सर्वांत महागडी चूक मानली जाते. पहिल्या झटक्यात इंजिन नुसते थांबलेले असू शकते. चावी पुन्हा फिरवल्यावर मात्र रॉड वाकण्याची शक्यता असते. याच कारणाने अशी गाडी धक्का मारून सुरू करणेही टाळावे. गाडी उचलून किंवा ओढून गॅरेजमध्ये न्यावी. तेथे स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडरमधील पाणी बाहेर काढतात, एअर फिल्टर तपासतात आणि इंजिन ऑइल बदलतात. ऑइलचा रंग दुधाळ झाला असल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. गियरबॉक्सचे ऑइलही तपासणे आवश्यक असते.

पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर असल्यास गाडी त्यात घालू नये, हा सर्वसाधारण संकेत आहे. खोली कळत नसल्यास त्याच आकाराची दुसरी गाडी पार होईपर्यंत थांबावे. उथळ पाण्यातून जाणे भागच असल्यास पहिल्या गियरमध्ये, एकसारख्या संथ वेगाने, मध्ये न थांबता जावे. बाहेर पडल्यावर ब्रेक हलके हलके दाबून पॅड व ड्रम कोरडे करावेत.

## कोंडीतील बिघाड

### क्लच

साकी नाका, मरोळ, पवई किंवा कांजूरमार्ग येथील कोंडीत गाडी मिनिटागणिक थोडी पुढे सरकते. अशा वेळी क्लच अर्धवट दाबून ठेवण्याच्या सवयीने क्लच प्लेट घासत राहते. घाटकोपरच्या चढणीचे रस्ते आणि उड्डाणपुलांचे चढ येथे हँडब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरल्यास झीज आणखी वाढते. जळकट वास येणे, इंजिनाचा आवाज वाढूनही वेग न वाढणे आणि गियर अडखळत पडणे ही लक्षणे आहेत. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग एकत्र बदलणे किफायतशीर ठरते, कारण तिन्हींसाठी गियरबॉक्स उतरवावाच लागतो. क्लचचे पेडल नसलेल्या एएमटी प्रकारच्या गाड्यांतही आत क्लच असतोच. चढावर केवळ ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवल्यास तो तापतो.

### इंजिन तापणे

धावत्या गाडीत रेडिएटरला समोरून हवा मिळते. कोंडीत ते काम विद्युत पंख्यालाच करावे लागते. पंखा, त्याचा फ्यूज किंवा थर्मोस्टॅट बिघडल्यास, अथवा कूलंट कमी झाल्यास तापमानाचा काटा चढतो. अशा वेळी वातानुकूलन बंद करावे, गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन थांबवावे. लगेच थांबता येत नसल्यास हीटर पूर्ण क्षमतेने लावल्याने काही उष्णता बाहेर पडते. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील उकळते पाणी अंगावर उडते. त्यासाठी किमान अर्धा तास थांबावे. कूलंटऐवजी नेहमी नळाचे पाणी भरल्याने आत क्षार व गंज साचतो.

## उभ्या गाडीचे बिघाड

आठवडाभर उभी असलेली गाडी शनिवारी सकाळी सुरू न होणे ही नेहमीची तक्रार आहे. सूचनाघंटा व घड्याळ यांसारखी उपकरणे गाडी बंद असतानाही थोडी वीज घेतात आणि अधूनमधून केलेल्या लहान फेऱ्यांत बॅटरी पूर्ण भरत नाही. चावी फिरवल्यावर नुसती टकटक होणे आणि दिवे मंद होणे हे बॅटरी उतरल्याचे लक्षण आहे. बॅटरीचे आयुष्य साधारणतः तीन ते पाच वर्षे असते. गाडी नुसती सुरू करून पाच मिनिटे उभी ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सुमारे अर्धा तास चालवणे अधिक उपयुक्त असते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरुवात करताना प्रथम दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके जोडतात. नंतर चालू बॅटरीचे ऋण टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या रंगहीन धातूला, बॅटरीपासून दूर, जोडतात. काढताना क्रम उलटा असतो.

पावसाळ्यात बरेच दिवस हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे मागचे ब्रेक गंजाने चिकटतात. सपाट जागी गाडी गियरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावल्यास ही अडचण टळते. उंदीर व घुशी इंजिनाच्या भागात शिरून वायरी आणि नळ्या कुरतडतात. कचराकुंडीजवळ गाडी न लावणे, गाडीत खाद्यपदार्थ न ठेवणे आणि अधूनमधून बोनेट उघडून पाहणे हे त्यावरील साधे उपाय आहेत. झाडाखाली उभ्या गाडीत वायपरखालच्या खाचेत पाने अडकून पाण्याचा मार्ग बंद होतो व पाणी पायाखालच्या गालिच्यात झिरपते. आतील कुबट वासाचे मूळ बऱ्याचदा येथेच सापडते.

## रस्ते, टायर आणि गंज

खड्ड्यात जोरात आदळल्याने टायरच्या बाजूला फुगा येतो, रिम वाकते आणि चाकांची संरेखना बिघडते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही; तो बदलावाच लागतो. गाडी एका बाजूला ओढत असल्यास किंवा टायर एका कडेला अधिक झिजत असल्यास संरेखना तपासून घ्यावी. मोटारगाड्यांसाठी टायरच्या खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर असणे नियमाने आवश्यक आहे. गुळगुळीत टायर ओल्या द्रुतगती महामार्गावर पाण्याच्या थरावर घसरतात. टायर व वायपरची पाती मे महिन्यातच तपासणे इष्ट असते.

वर्सोवा, जुहू, मार्वे व गोराई या किनारी भागांत खाऱ्या हवेने धातू लवकर गंजतो. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी आणि गाडीचा तळ येथून गंजाची सुरुवात होते. पावसाळ्यानंतर तळ गोड्या पाण्याने धुऊन घेणे आणि गंजरोधक लेप तपासणे उपयुक्त ठरते.

## इंधनाशी संबंधित दोष

मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. या गाड्यांत जुने स्पार्क प्लग व तुंबलेला एअर फिल्टर यांचा परिणाम लवकर जाणवतो. पेट्रोल वापरलेच नाही तर पेट्रोलचे इंजेक्टर व पंप खराब होतात. म्हणून दररोज थोडे अंतर पेट्रोलवर जावे. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी करणे बंधनकारक आहे. वायूचा वास आल्यास गाडी मोकळ्या जागी थांबवून इंजिन बंद करावे, टाकीची झडप बंद करावी आणि सर्वांनी दूर जावे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते. टाकीत अधिक पाणी गेल्यास इथेनॉल व पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात आणि गाडी अडखळते. त्यामुळे टाकीचे झाकण घट्ट असणे आणि फार काळ उभ्या गाडीत जुने पेट्रोल न ठेवणे महत्त्वाचे आहे.

## विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा बंधनकारक आहे. मात्र त्यातून स्वतःच्या गाडीची पुरातील हानी भरून मिळत नाही. त्यासाठी स्वहानी विमा आवश्यक असतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारगाडीसाठी त्रयस्थ पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, तर स्वहानी विमा अनेकदा एकाच वर्षाचा असतो. 'विमा तीन वर्षांचा आहे' या समजुतीत दुसऱ्या वर्षी स्वहानी विम्याचे नूतनीकरण राहून जाते आणि ही गोष्ट गाडी बुडाल्यावर लक्षात येते.

स्वहानी विमा असला तरी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केल्याने झालेली इंजिनाची हानी विमा कंपन्या सहसा परिणामी हानी मानतात आणि नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. तिच्या अटीही आधी वाचणे आवश्यक आहे. गाडी बुडाल्यास पाण्याच्या पातळीसह छायाचित्रे काढावीत, शक्य असल्यास बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, कंपनीला त्वरित कळवावे आणि पाहणीपूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडी संपूर्ण नुकसान झालेली मानली जाते.

## जुने सुटे भाग व पुरातील गाड्या

कुर्ल्याचा सीएसटी मार्ग जुन्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. दारे, आरसे, दिवे असे भाग तेथून घेता येतात. ब्रेक, स्टिअरिंग व एअरबॅग यांसारखे सुरक्षिततेशी निगडित भाग मात्र नवेच घ्यावेत.

पुरात बुडालेल्या गाड्या स्वच्छ करून पुन्हा बाजारात येतात. सुरक्षापट्टा पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटच्या भागात दिसणारा चिखलाचा डाग, सीटखालील रुळांवरचा गंज, हेडलाइटच्या आतील ओल, तीव्र सुगंधाखाली दडलेला कुबट वास आणि गालिच्याखालील माती या खुणा जुनी गाडी घेण्यापूर्वी पाहाव्यात. अशा गाडीतील विद्युत दोष काही महिन्यांनी, जोडण्या गंजल्यावर, प्रकट होतात.

## हेही पाहा

* मिठी नदी
* मुंबई उपनगर जिल्हा
* पश्चिम द्रुतगती महामार्ग
* पूर्व द्रुतगती महामार्ग
* मोटार विमा